स्वेर्ती

क्लाइपेदाच्या धक्क्यावर, धान्याच्या कोठारामागे
आमची एक खोली आहे: दोन पडदे, एक हीटर
आणि खिडकीतून दिसणारा ट्रकांचा काटा.
इथं जे येतं ते तोलूनच आत येतं.
आमच्या भाषेत तोलण्याला स्वेर्ती म्हणतात.
त्याच नावाचं फंक्शन विगिंतासनं लिहिलं होतं,
मी शाळेत होते तेव्हा.

फक्त लाँग आकड्यासाठी.
आत एक ओळ: नोव्हेंबर ते मार्च, चाळीस किलो वजा,
टपावर गोठून आलेल्या बर्फाचे.
शेजारी टिप्पणी, त्याच्यासारखीच तुटक:
बर्फाला भाव नाही.

तो निवृत्त झाला. तौत्रिमास आला, हुशार पोरगा.
त्यानं त्याच नावाचं टेम्प्लेट लिहिलं,
काहीही द्या, कुठलाही टाइप,
सांगाल तो अंगरखा चढवून उभं राहणारं.
बर्फाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, जुनं आहेच की,
पहिला मान जुन्याचा.
कंपायलरही राखतो तो मान,
पण बरोबरी झाली तरच.
लाँग आला की दोघंही तंतोतंत बसतात,
तेव्हा तो साच्याला म्हणतो, तू थांब जरा,
हे काम याच्या नावावर आहे.

जानेवारीत लहान काटा बसवला, व्हॅन आणि ट्रेलरसाठी.
तो आकडे शॉर्टमध्ये पाठवायचा.
शॉर्टचा लाँग व्हायला लागतं काय?
एक पायरी. बाही थोडी सैल, इतकंच.
माणसानं चालवून घेतलं असतं.
पण कंपायलरच्या लेखी पायरी ती पायरी,
आणि तोवर साचा शॉर्टच्या मापाचा होऊन समोर उभा,
काना-मात्रेचा फरक नाही.
काम त्याला मिळालं.
इशारा नाही, लाल ओळ नाही.

दोघं सारखेच लायक निघाले
आणि कुणाचंच पारडं खाली जाईना,
की हा आरडाओरडा करतो, बांधणीच थांबवतो.
खात्री असली की मात्र अवाक्षर काढत नाही.
आणि त्याला खात्री होती.

अकरा दिवस आम्ही बर्फ विकत घेतला
गव्हाच्या भावानं.

बाराव्या दिवशी बस धरून मेल्नरागेला गेले.
विगिंतास स्वयंपाकघरात धुरी दिलेला मासा सोलत होता,
बशीच्या कडेला काट्यांची नीट रांग.
मी विचारलं, लाँगच का?
बाकीच्यांसाठी का नाही लिहून ठेवलंत?
तेव्हा काटा एकच होता, तो म्हणाला,
समोर जो होता त्याच्यासाठी लिहिलं.

मी म्हटलं, अहो, पण ऐका ना.
तो माशातच.
पुन्हा म्हटलं, ऐका ना.
इतक्यात मागच्या अंगणातून दानगुओलेची हाक आली,
विगिंताय!
आमच्याकडे हाकेत नावाचं शेपूट बदलतं,
आणि ते बदललेलं नाव दुसऱ्या कुणाला लागत नाही.
सुरी ठेवून, वाक्य अर्धं टाकून, तो उठून गेला.

रात्री मी चार ओळी लिहिल्या:
स्वेर्ती, साधं फंक्शन, शॉर्टसाठी.
आकडा घ्यायचा आणि म्हाताऱ्याच्या हाती द्यायचा.
टेम्प्लेटला हात लावला नाही.
त्याचं काय चुकलं? बोलावलं, तर आला.
तौत्रिमासलाही काही बोलले नाही,
तो कॉफी घेऊन उभा राहिला
आणि टिप्पणी दोनदा वाचून हसला.

फोन केला, बसवलं म्हणून सांगायला.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग विगिंतासनं विचारलं,
चाळीसच धरलेत?
हो.
तीस कर. हल्ली पूर्वीसारखं गोठत नाही.